पट, मंडई आणि प्रणयकथा : राइट टाउन ते वैनगंगाकाठ

राइट टाउन ही जबलपूर शहरात इंग्रजी अमदानीत नेपियर टाउनच्या जोडीने वसलेली वस्ती असून, पंडित रविशंकर शुक्ल यांचे नाव दिलेले, पण गावाच्या तोंडी अजूनही राइट टाउन स्टेडियम म्हणूनच रुळलेले क्रीडांगण ही तिची आजची मुख्य खूण आहे. जबलपूरशी मराठी माणसाचा संबंध मात्र या वस्तीहून बराच जुना आहे. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचा मुलूख पेशव्यांच्या सागर येथील अंमलाखाली गेला, १७९८ मध्ये नर्मदाखोरे नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजी फौजेने जबलपूर घेतले. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, तेव्हा कारकून, शिक्षक, वकील आणि रेल्वेतले नोकरदार यांची नागपूर व जबलपूर यांच्या दरम्यान जी ये-जा सुरू झाली, ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत एकाच प्रांताच्या अंतर्गत व्यवहाराचा भाग होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहून उच्च न्यायालयाचे ठिकाण झाले, आणि वैनगंगेचे खोरे, जे भाषा, शेती व जनावरे या तिन्ही बाबतींत बऱ्याच अंशी एकसंध होते, दोन राज्यांत विभागले गेले.

जबलपूर हे लोहमार्गांवरचे जुने ठाणे आहे. अलाहाबादेकडून येणारा मार्ग येथे १८६७ मध्ये पोहोचला, मुंबईकडून येणारा मार्ग ७ मार्च १८७० रोजी त्याला मिळाला आणि मुंबई-कलकत्ता हा सलग प्रवास येथूनच शक्य झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दक्षिणेकडे नैनपूर, बालाघाट मार्गे गोंदियाला जाणारी अरुंद रुळांची गाडीही सुरू झाली. यांपैकी पहिल्या दोन मार्गांनी इंग्रजी पुस्तके आली, कारण १८७७ मध्ये अलाहाबादेत सुरू झालेल्या व्हीलर कंपनीच्या फलाटावरच्या दुकानांनी स्वस्त इंग्रजी कादंबरी हिंदुस्थानी प्रवाशाच्या हाती दिली. तिसरा मार्ग ज्या मुलखात जातो तेथे दिवाळीनंतर बैलांच्या शर्यती लागतात आणि रात्री नाटके होतात. जनावर, रिंगण आणि प्रेम यांची सांगड घालणारी कथा या दोन्ही दिशांना आहे, परंतु एका दिशेला ती छापील कादंबरी झाली आणि दुसऱ्या दिशेला झाली नाही, हा फरक वाङ्मयाच्या इतिहासात सहसा नोंदला जात नाही. त्याची कारणे लेखकांच्या प्रतिभेत शोधण्यापेक्षा खुद्द रिंगणाच्या रचनेत शोधणे अधिक फलदायी आहे.

इंग्रजी कादंबरीच्या दिशेचे रिंगण म्हणजे रोडिओ, अर्थात उत्तर अमेरिकेतील गुराख्यांच्या कसबाचे तिकीट लावून होणारे प्रदर्शन. कुरणांवर मोकाट चरणारी गुरे वर्षातून एकदा वळवून आणणे, वासरांना फास टाकून डाग देणे, रानटी घोडा सवारीला लावणे ही कामे स्पॅनिश व मेक्सिकन गुराख्यांकडून अमेरिकन गुराख्यांनी उचलली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काटेरी तारा आणि रेल्वे यांच्यामुळे मोकळ्या कुरणांचा धंदा आटू लागला, तेव्हा हेच काम खेळ म्हणून दाखवले जाऊ लागले. ॲरिझोनातील प्रेस्कॉट येथे १८८८ मध्ये प्रवेशमूल्य घेऊन स्पर्धा झाली, वायोमिंगमधील शायान येथे १८९७ मध्ये मोठा वार्षिक मेळा सुरू झाला आणि कॅनडातील कॅलगरी येथे १९१२ मध्ये. आरंभीच्या काळात स्त्रियाही रानटी घोड्यांवर बसत असत. परंतु १९२९ मध्ये पेंडलटन येथील मेळ्यात बॉनी मॅककॅरोल ही स्वार घोड्यावरून पडून दगावल्यानंतर त्यांना या प्रकारांतून बाहेर काढण्याची प्रवृत्ती बळावली, आणि १९४८ मध्ये टेक्सासमध्ये स्त्रियांनी स्वतःची संघटना उभारली तेव्हा त्यांच्या वाट्याला मुख्यतः पिंपांभोवती घोडा दौडवण्याची शर्यत आली. पुरुषांनी १९३६ मध्ये बक्षिसांच्या रकमेवरून संप करून संघटना काढली होती. बैलावर बसणारे स्वार १९९२ मध्ये वेगळे निघाले आणि त्यांनी आपल्या एका प्रकाराचा स्वतंत्र धंदा उभा केला. त्याचा नियम साधा आहे: स्वाराने एका हाताने दोर धरून, दुसरा हात बैलाला वा स्वतःला न लावता आठ सेकंद टिकायचे, आणि शंभरापैकी निम्मे गुण स्वाराच्या तोलाला तर निम्मे बैलाच्या उसळण्याला द्यायचे.

या जगावरची प्रणयकादंबरी जवळजवळ रोडिओइतकीच जुनी आहे. ओवेन विस्टर यांच्या १९०२ मधील ‘द व्हर्जिनियन’ या कादंबरीत वायोमिंगचा एक गुराखी आणि पूर्वेकडच्या व्हरमाँटहून आलेली शिक्षिका मॉली वूड यांचे प्रेम आहे, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नायकाला शत्रूशी सामना करावा लागतो तेव्हा मॉली त्याला परोपरीने अडवते. पुढच्याच काही वर्षांत बी. एम. बॉवर या लेखिकेने ‘चिप ऑफ द फ्लाइंग यू’ लिहिली, ज्यात नायिका डॉक्टर आहे. त्यानंतर लंडनची १९०८ मध्ये स्थापन झालेली मिल्स अँड बून आणि कॅनडातील १९४९ मध्ये निघालेली हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थांनी ठरावीक पानांच्या, ठरावीक सुखान्ताच्या कादंबऱ्या दरमहा काढण्याची पद्धत रुजवली. १९७१ मध्ये दुसरीने पहिली विकत घेतली आणि २००८ पासून भारतातही या मालेची स्वतंत्र छपाई होऊ लागली. जेनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये अशा कादंबऱ्यांच्या वाचक-स्त्रियांचा अभ्यास केला, तर पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये या प्रकाराचे घटक सांगितले: नायक-नायिकांची गाठ, त्यांच्यामधला अडसर, ओढ, कबुली, सारे संपले असे वाटायला लावणारा प्रसंग, अडसर हटवणारी समज आणि वाग्दान. या यादीत एक घटक निर्णायक आहे, तो म्हणजे अडसर. कादंबरी कोणत्या जगात घडते याला महत्त्व येते ते ते जग अडसर पुरवते म्हणून. बाकी सारे नेपथ्य.

निकोलस स्पार्क्स यांची २०१३ मधील ‘द लाँगेस्ट राइड’ ही कादंबरी या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. उत्तर कॅरोलिनातील ल्यूक कॉलिन्स हा बैलावर बसणारा स्वार, आणि कलेच्या इतिहासाची विद्यार्थिनी असलेली, न्यू जर्सीतील स्थलांतरित दुकानदारांची मुलगी सोफिया डँको यांच्या प्रेमाला जोडून एक दुसरी कथा चालते: नव्वदी ओलांडलेले आयरा लेविन्सन अपघातात सापडून आपल्या मोटारीत अडकले आहेत आणि दिवंगत पत्नी रूथ हिच्याशी बोलत आपला संसार आठवत आहेत. ल्यूकला पूर्वी एका बैलाने जबर दुखापत केली आहे. डोक्याला पुन्हा मार बसला तर जीव जाईल असे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि तरीही तो बसतो, कारण त्याच्या उपचारांसाठी आईने शेत गहाण ठेवले आहे. म्हणजे ज्या खेळाने कर्ज केले त्याच खेळाने ते फेडायचे, हा पेच लेखकाने नेमका पकडला आहे. या कादंबरीचे खरे बळ येथेच आहे. धाडस, मर्दानगी, प्रसिद्धी ही या प्रकारातील नेहमीची कारणे बाजूला सारून हप्ता थकलेल्या घराचा हिशेब तिने प्रेमाच्या मध्ये उभा केला. हा भाग कोणत्याही शेतकरी मुलखातल्या वाचकाला ओळखीचा वाटेल.

दुर्दैवाने हा पेच सोडवताना लेखकाने हात आखडता घेतला आहे. आयरा यांनी जन्मभर जमवलेला मौल्यवान चित्रांचा संग्रह लिलावात निघतो, ल्यूक त्यातील रूथचे एक साधे, बाजारात किंमत नसलेले चित्र भावनेपोटी घेतो आणि मृत्युपत्रातील अटीमुळे सारा संग्रह त्याच्याकडे येतो. ल्यूकने त्याआधीच बैल सोडला आहे हे खरे, त्यामुळे त्यागाचे पुण्य त्याच्या पदरात पडते. पण गहाणखताचे उत्तर मात्र आभाळातून पडते. सोफियाच्या बाबतीतही असेच होते: तिचे कलेचे शिक्षण कथेला हवे आहे ते संग्रहाचे मोल ओळखण्यापुरते. तरीही कादंबरीचा सांगाडा या प्रकाराचा मूळ नियम स्वच्छ दाखवतो. रोडिओच्या प्रणयकथेत प्रेमाची किंमत एकच असते, ती म्हणजे नायकाने जनावरावरून खाली उतरणे. मॉली वूडच्या काळापासून नायिका ते मागत आली आहे, आणि नायक शेवटच्या प्रकरणात उतरतो किंवा उतरल्यासारखे करतो. त्याला उतरता येते याचे कारण, पणाला लागलेले शरीर त्याचे स्वतःचे असते आणि तो धंदा त्याने स्वतः पत्करलेला असतो.

या रिंगणातल्या बैलाच्या वंशावळीत एक नोंद अशी आहे की जी मराठी वाचकाला सुखावेल. रोडिओत उसळणाऱ्या अनेक बैलांत ब्राह्मण नावाच्या अमेरिकन वाणाचे रक्त असते. हा वाण हिंदुस्थानातून गेलेल्या कांकरेज, ओंगोल आणि गीर या गुरांपासून, आणि थोड्या प्रमाणात कृष्णाखोऱ्याच्या गुरांपासून तयार झाला. यांपैकी कृष्णाखोऱ्याची जात एकोणिसाव्या शतकात सांगलीकर पटवर्धन व शेजारच्या संस्थानिकांच्या आश्रयाने घडवली गेली होती. काळ्या चिकण जमिनीत नांगर ओढण्यासाठी वाढवलेल्या जनावराचे वारस परमुलखात माणसाला पाठीवरून फेकण्याचे काम करू लागले.

खुद्द वैनगंगेच्या खोऱ्यातला बैल वेगळा. ही नदी सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाटातून भंडारा, चंद्रपूर व गडचिरोलीकडे उतरते. वर्धा व नागपूरपासून छिंदवाडा, सिवनी, बालाघाटपर्यंत पसरलेली गवळाऊ ही येथली नावाजलेली जात पांढरी, अंगाने सडपातळ आणि चालीला तेज असते. मराठी फौजांच्या जलद वाहतुकीसाठी ती वापरली जात असे. अशा बैलांची शर्यत म्हणजे शंकरपट. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील गावांत सुगी हाताशी आल्यावर किंवा उरकल्यावर तो भरतो. गावाबाहेरच्या सपाट शेतात समांतर धावपट्ट्या आखल्या जातात, एका वेळी दोन जोड्या सुटतात, प्रत्येक जोडीला हलकी छकडी जुंपलेली असते आणि तिच्यावर धुरकरी म्हणजे गाडी हाकणारा गडी असतो. धुरकरी छकडीवर नीट बसत नाही. तो जवळजवळ उकिडवा, दोन्ही बैलांच्या शेपट्यांशी हात नेऊन, तोल पुढे टाकून असतो, कारण छकडीचे वजन नगण्य असल्याने त्याच्या देहाचा भार मागे गेला तर जू वर उचलले जाते आणि बैलांची धाव मोडते. अंतर थोडके, वेळ काही सेकंदांची. घड्याळावर सेकंदाच्या अपूर्णांकाने निकाल लागतो, आणि हरलेल्या जोडीचे समर्थक तो अपूर्णांक पुढच्या वर्षापर्यंत मान्य करत नाहीत.

पश्चिम महाराष्ट्रातला बैलगाडा आणखी पुढे गेलेला आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात घाट म्हणजे चढाची आखलेली धावपट्टी असते, गाड्याला चार जनावरे असतात, पुढे घोडीवरचा स्वार धावतो आणि गाड्यावर हाकणारा कोणी नसतो. सुटल्यापासून निशाणापर्यंतच्या एका धावेला बारी म्हणतात व ती दहा-बारा सेकंदांत संपते. रोडिओची आठ सेकंदे आणि घाटाची ही दहा-बारा सेकंदे यांत वेळेचे साम्य आहे, परंतु घाटात माणूस गाड्यावर नाहीच, आणि पटात तो आहे तरी त्याचे नाव पुकारले जात नाही. पुकारली जाते ती जोडी, तिच्या मालकाचे नाव आणि त्याचे गाव.

प्रणयकादंबरीच्या अभावाचे मूळ या पुकाऱ्यात आहे. पटाच्या बैलाला नांगराला सहसा लावत नाहीत. त्याला खुराक वेगळा, त्याची निगा वेगळी, आणि घरच्या माणसांच्या ताटापेक्षा त्याच्या गव्हाणीकडे आधी लक्ष जाते, अशी तक्रार बैलवेड्या घरांतील बायका करतात ती काही उगीच नाही. हा बैल शत्रू नसतो. पोळ्याला तो सजवून पूजला जातो, तो मेला तर घरात सुतक पाळावे तशी उदासी असते. रोडिओतील नायकाला ज्याच्यावर स्वार व्हायचे ते जनावर कंत्राटदाराचे, अनोळखी आणि जिवावर उठलेले असते, तर पटात जनावर आणि माणूस एकाच बाजूला असतात. मग दोघांमध्ये झुंज लावून प्रेयसीचा जीव टांगणीला लावायचा तो कसा? शिवाय धुरकरी बहुधा मालक नसतो. जो देह धोक्यात घालतो त्याच्याकडे मान नाही, आणि ज्याच्याकडे मान आहे त्याचा देह धोक्यात नाही. मालकाने पट सोडायचा म्हटले तर बापजाद्यांची परंपरा व गावाची इज्जत आडवी येते, आणि धुरकऱ्याने सोडायचा म्हटले तर त्याने काही सोडले असे कोणी म्हणणार नाही. उतरण्यासारखे काही नसल्यामुळे प्रेमासाठी उतरण्याची कथाही येथे उभी राहत नाही. मराठी ग्रामीण कादंबरीने या नात्याची खोली जाणली आहे, पण ती प्रेमकथेच्या वाटेने नव्हे: आनंद यादव यांच्या १९७१ मधील ‘गोतावळा’ या कादंबरीत शेतगडी आणि जनावरे यांचा जो जिव्हाळा आहे तोच ट्रॅक्टर आल्यावर उद्ध्वस्त होतो, आणि तो गडी लग्नाविना राहिलेला आहे हे तपशील म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

मग पटाच्या मुलखात प्रेमकथा कोठे गेली, याचे उत्तर दिवस मावळल्यावर मिळते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या जंगलपट्टीला झाडीपट्टी म्हणतात. तेथील बोली झाडीबोली, जिच्या अभ्यासाला डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी मोठे योगदान दिले. दिवाळीच्या भाऊबिजेपासून या भागात गावोगाव मंडई भरते, म्हणजे बाजार, पाहुणे, लोकनाट्य आणि देवदर्शन यांचा एकत्र मेळा. मंडई किंवा पट ज्या गावात, त्या गावात सासुरवाशिणी माहेरी येतात, सोयरे गाड्या जुंपून येतात, लग्ने ठरतात. रात्री एवढ्या पाहुण्यांचे करायचे काय, या अगदी व्यावहारिक गरजेतून दंडार व खडी गंमत यांसारख्या जुन्या लोकप्रकारांच्या शेजारी रात्रभराचे नाटक उभे राहिले. दंडार म्हणजे वाद्यांच्या साथीने पुरुषांनी करायचे नृत्यनाट्य, खडी गंमत हे तमाशाच्या कुळातले. नाटकाने या दोन्हींतून गाणे आणि सोंग घेतले आणि शहरी संगीत रंगभूमीकडून पडदे, प्रवेश व पल्लेदार संवाद घेतले.

या रंगभूमीची बांधणी पाहण्यासारखी आहे. शेतात जमीन खणून प्रेक्षकांसाठी खोलगट, उतरती जागा करायची आणि निघालेली माती पुढे टाकून तिचाच रंगमंच उंचवायचा, भोवती कनाती लावायच्या, मंचाच्या पायथ्याशी पेटी, तबला व संवाद सांगणारा बसवायचा, अशी ही जुनी रीत; एक खड्डा खणला की नाट्यगृहाची दोन्ही अंगे तयार. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटे संपतो, तोवर परतीच्या वाटेला उजेड झालेला असतो. आरंभी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पुढे नागपूर-मुंबईकडच्या अभिनेत्री हंगामापुरत्या येऊ लागल्या, गडचिरोली जिल्ह्यातील वडसा म्हणजे देसाईगंज हे कंपन्यांचे ठाणे बनले, आणि दिवाळी ते होळी या काळात तेथील उलाढालीवर कित्येक घरे वर्षभर चालू लागली. विनोदी भूमिकांसाठी ओळखले जाणारे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना या रंगभूमीची ओळख करून देणे भाग पडले, हे त्या वर्तमानपत्रांविषयी जास्त सांगणारे आहे.

येथे जी नाटके चालतात त्यांना सामाजिक-कौटुंबिक म्हणतात, आणि त्यांचा गाभा बहुतेक वेळा प्रेमाचाच असतो: श्रीमंत-गरीब, जात-परजात, शिकून आलेला मुलगा आणि गावात राहिलेली मुलगी, दारूने बुडालेला नवरा, भावासाठी सुख सोडणारी बहीण. रेजिस यांनी सांगितलेले घटक या नाटकांत जवळपास सारे सापडतात. फरक एवढाच की सारे संपले असे वाटण्याचा प्रसंग येथे लांबतो आणि रडवतो, व सुखान्त हक्काचा नसतो. दिवसा ज्यांनी बैलांवर पैज लावली तेच रात्री नायिकेच्या दुःखावर डोळे पुसतात, पण दिवसाचा पट रात्रीच्या कथेत क्वचितच शिरतो. रोडिओच्या कादंबरीने रिंगण आणि शेज एकाच पुठ्ठ्यात बांधली. झाडीपट्टीने ती एका गावात, एका दिवशी, परंतु दोन वेगळ्या मांडवांत ठेवली.

दोन्ही मांडव एकाच कथेत आणण्याचा सर्वांत गाजलेला मराठी प्रयत्न चित्रपटात झाला. अनंत माने यांचा १९५९ मधील ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. त्यात राजुरी गावच्या बैलगाड्यांच्या शर्यतीत सखाराम हा शेतकरी पाटलाला हरवतो, आणि दुखावलेला पाटील सखारामाच्या पत्नीवर अत्याचार करून त्याच्या संसाराचा नाश करतो. त्या अत्याचारातून जन्मलेली मुलगी चिमा पुढे तमाशाच्या फडात नाचू लागते आणि त्याच गावात येऊन उभी राहते. जयश्री गडकर आणि हंसा वाडकर यांच्या अभिनयाने व लावण्यांनी हा चित्रपट लोकांच्या लक्षात राहिला, त्यामुळे त्याचा आरंभ शर्यतीत आहे हे विसरले गेले. कथेची जोडणी मात्र अर्थपूर्ण आहे. शर्यतीतून निपजते ते वैर, आणि ओढ, मोह, ओळख व सूड यांची गाठ पडते ती फडात. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘वैजयंता’ या कादंबरीवर १९६१ मध्ये चित्रपट निघाला, तोही तमासगीर स्त्रीचाच. रोडिओच्या कथेत गावोगाव फिरणारा, देह पणाला लावून पोट भरणारा, ज्याच्यावर प्रेम करणे घरच्यांना धोक्याचे वाटते असा कलावंत पुरुष असतो. मराठी कथेत ती जागा स्त्रीची आहे. स्थिर घर सोडून तिच्यामागे जाणाऱ्या पुरुषाची अधोगती होते, आणि तिला फड सोडून घरात यायचे झाले तर घर तिला घेत नाही. अमेरिकन नायकाला बैलावरून उतरल्यावर शेत, आई आणि बायको मिळते. फडातून उतरलेल्या स्त्रीला असे काही देऊ करणारी मराठी कथा लिहिणे त्या काळच्या लोकप्रिय लेखकांना जमले नाही, किंवा प्रेक्षक ते मानणार नाहीत असे त्यांनी गृहीत धरले.

छापील मराठी प्रणयकादंबरी या दोन्ही मांडवांकडे पाठ करून बसली होती. ना. सी. फडके यांनी १९२० नंतर तिला जे वळण दिले त्यात प्राध्यापक, कलावंत, बंगले आणि सुखवस्तू तरुण-तरुणी आहेत. चंद्रकांत काकोडकर यांनी वाचनालयांतून घराघरांत जाणारी जी प्रणयकथा लिहिली तिचा नायकही पांढरपेशाच: १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, त्या कथेचा नायक कवी व शिक्षक आहे, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवताना कथेचा एकंदर परिणाम पाहण्याची भूमिका घेतली. या वाचनालयांचा वाचक शहरात व तालुक्याच्या गावी होता. राइट टाउनसारख्या वस्तीतल्या मराठी नोकरदार घराची गणना याच वाचकवर्गात होते. वैनगंगेकाठचा पट त्याच्यापासून एका अरुंद गाडीच्या अंतरावर असला, तरी त्याच्या पुस्तकात तो नव्हता.

गेल्या काही वर्षांत पटाचा इतिहास मुख्यतः न्यायालयात लिहिला गेला. केंद्र सरकारच्या ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने खेळ-तमाशांसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश झाला, ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तीन राज्यांचे कायदे वैध ठरवले. या तीन राज्यांत मध्य प्रदेश नाही. बंदीच्या काळात बैलांची बाजू मांडणाऱ्यांनी टोचणीचे खिळे, चाबूक आणि पाजलेली दारू यांचे जे पुरावे दिले ते खोटे नव्हते, आणि बैल म्हणजे घरचे लेकरू या वर्णनाला त्यांनी पाडलेली भेग कोणत्याही निकालाने बुजलेली नाही. पटाविषयी लिहू पाहणाऱ्या कादंबरीकाराला ती टाळता येणार नाही. झाडीपट्टीच्या नाटकांना मात्र या बंदीने फारसा धक्का लागला नाही. पट नसला तरी मंडई होती, आणि मंडई नसली तरी तिकीट विकले जात होते.

पट पुन्हा सुरू झाल्यावर अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या जुन्या शंकरपटात स्त्रियांची वेगळी शर्यतही चर्चेत आली, जिच्यात स्त्रिया स्वतः धुरकरी होऊन जोडी हाकतात. अमेरिकेत १९२९ नंतर स्त्रीला रानटी जनावरावरून उतरवून पिंपांभोवती फिरवण्यात आले, तर येथे ती, जिथे आजवर मुख्यतः प्रेक्षक होती, त्या धावपट्टीवर चढली. अशा धुरकरी स्त्रीला रात्रीच्या नाटकात जागा मिळाली तर पटाचा आणि प्रेमाचा मांडव एक होण्याची शक्यता आहे, पण ती पडताळण्याचे साधन अभ्यासकाच्या हाती सहज येत नाही. झाडीपट्टीतील नाटके बहुतांशी पुस्तकरूपाने येत नाहीत. संहिता कंपनीच्या ताब्यात राहते, हंगामागणिक तिच्यात गाणी आणि विनोद बदलतात, आणि ज्या वहीवरून मंचाच्या पायथ्याशी बसलेला माणूस संवाद सांगतो तीच पुष्कळदा तिची सर्वांत अद्ययावत प्रत असते.